गुळगुळीत फरशीवरची एमडी

फुलंब्री तालुक्यात मका निघाला की चाऱ्यासाठी कडबाकुट्टी फिरू लागते. पेंढी आत सारणारा हात एखाद्या वेळी पात्यापर्यंत जातो. मग गाडी घाटीच्या दिशेने धावते. घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. तिथे रक्त थांबते, टाके पडतात, निघतात, डिस्चार्जचा कागद मिळतो. पंजा गेलेला माणूस उद्या बैल कसा जुंपणार, सदऱ्याची गुंडी कशी लावणार, हे त्या कागदावर नसते.

या प्रश्नाचाही डॉक्टर असतो. शाखेचे नाव फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, थोडक्यात पीएमआर. एमबीबीएसनंतर तीन वर्षांची एमडी. लोक या डॉक्टरांना फिजिओथेरपिस्ट समजतात आणि तेही बहुधा सवयीने हसून सोडून देतात.

विहिरीत किंवा झाडावरून पडून मणक्याला मार बसलेला रुग्ण वॉर्डात आला, की निवासी डॉक्टर टाचणी घेऊन संवेदना कुठे संपते ते शोधतो. त्यापुढचे शिक्षण फारसे देखणे नाही. लघवी ठरावीक वेळाने नळीने कशी काढायची ते रुग्णाला आणि घरच्यांना शिकवायचे, दर दोन तासांनी कूस बदलली जाते ना ते पाहायचे. एकेकाळी असे रुग्ण मणक्याच्या दुखापतीने जितके जात, त्याहून अधिक मूत्रसंसर्गाने आणि पाठीच्या जखमांनी जात. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी हाच कंटाळवाणा काटेकोरपणा लावून धरला, तेव्हा माणसे जगू लागली. पुढे तर खेळू लागली. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण घेऊन आले.

मुंबईत हाजी अलीला या विषयाची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून उभी आहे. वेल्लोरची गोष्ट त्याहून विलक्षण. तिथल्या तरुण डॉक्टर मेरी वर्गीस १९५४च्या अपघातात पांगळ्या झाल्या. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला हॉवर्ड रस्क यांच्याकडे जाऊन हे शास्त्र शिकल्या आणि परतून वेल्लोरचा पुनर्वसन विभाग सांभाळला. शिकणाऱ्याने रुग्णाची बाजू इतक्या जवळून पाहिल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

पण हे शिक्षण होते ते रुग्णालयाच्या सपाट फरशीवर, कठड्याच्या आधाराने. फुलंब्रीकडच्या शेतवस्तीवर उंबरा असतो, चिखल असतो, उकिडवे बसायचा संडास असतो. जयपूर फूट जन्मला तो हे ओळखून. पाश्चात्त्य पद्धतीचे कृत्रिम पाऊल बुटात घालायचे. त्यावर ना मांडी घालता येई, ना उकिडवे बसता येई. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८च्या सुमारास रबराचे असे पाऊल घडवले की ते घालून माणूस अनवाणी शेतात उतरू शकेल. त्या शोधात कारागिराचा वाटा डॉक्टरइतकाच होता, हे अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी विसरू नये.

उलट निवासी डॉक्टरच्या वाट्याला वस्तीवरच्या अनुभवाऐवजी दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवण्याचे काम मोठ्या प्रमाणात येते. २०१६च्या दिव्यांग कायद्यानुसार अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. सांधा किती अंशांत वळतो ते मोजून प्रमाणपत्र बनते. मोजणी आवश्यकच आहे. मात्र तेवढ्याच अधूपणात आले खणणारा मजूर आणि टेबलावर काम करणारा कारकून यांचे नुकसान सारखे नसते.

या फरशीवरून बाहेर पडायची एक वाट आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमानुसार प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीवर काढावे लागतात. कल्पना उत्तम. पण २०२३च्या नियमांत त्यासाठी किमान ५० खाटांचे सरकारी रुग्णालय लागते, तर राज्यातल्या ग्रामीण रुग्णालयाचा नेहमीचा साचा ३० खाटांचा. म्हणजे विद्यार्थी बहुधा चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, लोकांच्या ‘मिनी घाटी’त, येऊन थांबणार. पीएमआरपुरता तरी खाटांचा हिशेब बाजूला ठेवायला हरकत नसावी. या शाखेला खाटांपेक्षा घरांची गरज जास्त. तीन महिन्यांपैकी दोन आठवडे जरी निवासी डॉक्टर कृत्रिम अवयवांच्या तंत्रज्ञाला आणि आशाताईंना घेऊन तालुक्यातल्या वस्त्यांवर फिरला, तर आपण लिहून दिलेला हात खुंटीला का टांगून ठेवला आहे ते त्याला रुग्णाच्या बायकोकडून कळेल.