जोडी न सापडलेली ओळ

अंबरनाथ पूर्वेला पालेगावात आता मोठमोठी गृहसंकुलं उभी आहेत. समजा, त्यातल्या एका सोसायटीचा हिशेब डेटाबेसमध्ये आहे: एका टेबलात फ्लॅट, दुसऱ्यात या महिन्याची मेंटेनन्सची बिलं, तिसऱ्यात पावत्या. सेक्रेटरींना सगळ्या फ्लॅटची यादी हवी आहे. ज्यांनी पैसे भरले त्यांच्यापुढे बिल आणि पावती, बाकीच्यांपुढे नल. क्वेरी लिहिणारा बिल आणि पावतीचा साधा जॉईन कंसात करतो आणि तो अख्खा कंस फ्लॅटच्या टेबलाला लेफ्ट जॉईनने जोडतो.

क्वेरी कोणत्या क्रमाने चालवायची हे ठरवणाऱ्या ऑप्टिमायझरने हा कंस बिनमहत्त्वाचा मानून सोडवला, आधी फ्लॅटला बिलं जोडली आणि त्यावर पावत्यांचा साधा जॉईन लावला, तर पावती नसलेला प्रत्येक फ्लॅट यादीतून गळतो. एरर येत नाही. क्वेरी अडकत नाही. ज्यांच्याकडे वसुलीला जायचं, नेमकी तीच नावं गायब असतात. सर्व्हर बंद पडण्यापेक्षा मला ही चूक गंभीर वाटते. बंद सर्व्हरकडे निदान कोणीतरी धावतं.

ऑप्टिमायझरला क्रम बदलावाच लागतो. दहा टेबलं जोडण्याचे क्रम १७६४ कोटींहून अधिक आहेत, आणि त्यातला स्वस्त क्रम निवडण्याची रीत आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्येच मांडली. साधे जॉईन कुठल्याही क्रमाने करा, उत्तर तेच. लेफ्ट जॉईनसारख्या आउटर जॉईनला ही मोकळीक नाही. तरी सरसकट बंदीही घालता येत नाही, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. क्वेरीच्या शेवटी ‘पावतीची रक्कम हजाराहून जास्त’ अशी अट असेल, तर नल असलेल्या ओळी तशाही टिकणार नाहीत. तिथे लेफ्ट जॉईनचा साधा जॉईन करणं योग्यच. अट ‘पावती नल आहे’ अशी असेल, तर तेच रूपांतर सगळी यादी पुसून टाकतं.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वर्षानुवर्षं आउटर जॉईनच्या आधीचा आणि नंतरचा कॉलम प्लॅनरच्या, म्हणजे तिथल्या ऑप्टिमायझरच्या, आत एकाच खुणेने ओळखला जाई. कोणत्या जॉईनमुळे तो नल होऊ शकतो, याची नोंद कॉलमसोबतच ठेवण्याची सोय २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीत आली. इतक्या मुरलेल्या प्रणालीलाही हे इतक्या उशिरा साधावं, यातच प्रश्नाची खोली कळते.

अशी चूक शोधताना क्वेरी तीन टेबलांपर्यंत छाटावी, मोजक्या ओळी ठेवाव्यात, उत्तर हाताने काढावं आणि एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये ओळ कुठे गळली ते पाहावं. पोस्टग्रेसमध्ये जॉईन-कोलॅप्स-लिमिट १ केली की जॉईन लिहिल्या क्रमानेच होतात. मग या क्रमाचं आणि ऑप्टिमायझरने निवडलेल्या क्रमाचं उत्तर ताडून बघता येतं. पण डेटाच सोयीचा असेल तर हे सगळं व्यर्थ. प्रत्येक फ्लॅटला पावती असली की चुकीचा प्लॅनही बरोबर उत्तर देतो. पवईच्या आयआयटीत प्रा. एस. सुदर्शन यांच्या गटाने केलेलं ‘एक्सडेटा’ मला म्हणूनच मोलाचं वाटतं. क्वेरीत जॉईनचा प्रकार चुकला तर कोणत्या डेटावर उत्तर बदलेल हे ते शोधतं आणि तसा डेटा तयार करतं.

चाचणीचा डेटा लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: पहिली ओळ पावती नसलेल्या फ्लॅटची घाला, दुसरी बिलच न निघालेल्या फ्लॅटची. पैसे भरलेले फ्लॅट त्यानंतर.