उपकाराचे ऋण

घरी दुर्धर व्याधी आली म्हणजे रोग्याचे शरीर तर खंगतेच, पण औषधोपचाराच्या खर्चाने संसारही खंगतो. अशा समयी आप्त, शेजारी आणि अनोळखी जनही यथाशक्ति द्रव्य घेऊन धावून येतात. ज्याने आजवर कोणापुढे हात पसरला नाही, त्यास ते घेताना संकोच वाटतो. तो संकोच स्वाभाविक आहे. परंतु ‘माझे मीच निभावीन’ हा अहंभाव त्याच्या मुळाशी असतो. दाता भगवंत, माणसे निमित्तमात्र, ही दृष्टी आली की तेच द्रव्य प्रसाद होते.

जबलपूरचे डॉ. मुनीश्वरचंद्र डावर यांनी १९७२ साली अवघे २ रुपये घेऊन रोगी तपासण्यास आरंभ केला. पन्नास वर्षांनंतरही त्यांचे शुल्क २० रुपयेच होते. २०२३ साली त्यांस पद्मश्री मिळाली; २०२५ साली ते निवर्तले. आता त्यांचे ऋण रोग्यांनी कोणास फेडावे?

याचे उत्तर गीतेत आहे. सतराव्या अध्यायात सात्त्विक दान परतफेडीच्या अपेक्षेविना सांगितले आहे, आणि तिसऱ्या अध्यायात, यज्ञाचे चक्र जो पुढे चालवीत नाही त्याचे जिणे व्यर्थ म्हटले आहे. म्हणून दात्यास परत देणे ही खरी कृतज्ञता नव्हे. पुढच्या आर्तास देणे ही होय. धन नसेल तर दुसऱ्या रोग्याच्या उशाशी एक रात्र जागावे. ज्यांचा रोगी वाचला नाही, त्यांनीही हे चक्र थांबवू नये. कारण साहाय्य फळासाठी नव्हते, प्रेमापोटी होते.