‘अब्ब’ आणि खाणीची उजाड जमीन



सूरह अबसची सुरुवात आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना दृष्टिहीन सहाबी हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) काही विचारण्यास आले. प्रेषितांच्या मुद्रेवर नाराजी उमटली आणि त्यावर वह्य अवतरली. पुढे हेच सहाबी मदीनेत मुअज्जिन झाले, प्रेषित (सल्ल.) प्रवासास निघताना अनेकदा शहराची जबाबदारी त्यांच्यावर सोपवीत.

या सूरहचा उत्तरार्ध मात्र आपण घाईने वाचतो. तेथे माणसाला स्वतःच्या अन्नाकडे पाहण्यास सांगितले आहे. पाणी, दुभंगणारी जमीन, धान्य, द्राक्षे, जैतून, खजूर, दाट बागा, फळे आणि शेवटी ‘अब्ब’. हजरत उमर (रजि.) यांनाही मिंबरवर ही आयत वाचताना ‘अब्ब’ म्हणजे नेमके काय, असा प्रश्न पडल्याची नोंद आहे. बहुतेक मुफस्सिरांच्या मते अब्ब म्हणजे गुरांसाठी आपोआप उगवणारे रानगवत. माणूस जे पेरत नाही आणि विकत नाही, तेही अल्लाहने आपल्या देणग्यांत मोजले. लोक ज्याला बाजूस सारतात तो माणूस आणि तण म्हणून जी उपटतात ती वनस्पती, दोघांचीही दखल एकाच सूरहमध्ये घेतलेली आहे.

ब्रिटनमधील बंद खाणींच्या जमिनींविषयी वाचताना हे ध्यानात आले. खाणीच्या टाकाऊ मातीचे ढिगारे तेथील जनतेने भोगले आहेत. 21 ऑक्टोबर 1966 रोजी वेल्समधील ॲबरफान गावावर झऱ्यावर रचलेला असा एक ढिगारा कोसळला. 144 जीव गेले, त्यांपैकी 116 मुले होती. आज अशा कित्येक जुन्या खाणींच्या परिसरात गावकरी एकत्र येऊन रानफुले पेरतात. कॉर्नवॉलमध्ये चिनीमातीच्या खाणीत 2001 साली ‘ईडन प्रोजेक्ट’ हे उद्यान उघडले. त्यासाठी टाकाऊ खनिज व कुजवलेला सेंद्रिय माल मिसळून सुमारे 83,000 टन माती तयार करावी लागली. रानफुलांना मात्र एवढी खटपट नको. उलट खत घातले की गवत माजते आणि फुले गुदमरतात. निकस जमीन हीच त्यांची पुंजी! म्हणून बी वाळूत मिसळून विरळ फेकतात, पुरत नाहीत, नुसते पायांनी दाबतात. वाळूमुळे बी कोठे पडले ते लहान मुलांनाही दिसते. चाकाच्या खुर्चीतील माणसासाठी वाफे उंच बांधता येतात. ज्याला दिसत नाही तो स्पर्शाने बी निवडू शकतो. येथे कोणाचाही सहभाग ही केवळ दया नसते, कामाला तो हात खरोखर लागतो.

खनिजाबाबत शरीयतची दृष्टी फार पूर्वीच स्पष्ट झाली आहे. अब्यज बिन हम्माल (रजि.) यांना प्रेषितांनी (सल्ल.) मआरिबचे मीठ दिले होते; ते वाहत्या पाण्यासारखे अखंड आहे असे कळताच परत घेतले. उघड्यावर सहज मिळणारे खनिज सर्वांचे, हे फकीहांनी यावरून मांडले. मला वाटते, लाभ सर्वांचा असेल तर उरलेल्या जखमेची काळजीही सर्वांनीच घ्यावी. ओसाड जमीन सजीव करण्यास तर फिकहमध्ये ‘इह्याउल मवात’ हे स्वतंत्र प्रकरणच आहे. लावलेल्या रोपातून माणूस, पक्षी वा जनावर खाईल तो सदका, ही हदीस आपण वृक्षारोपणाच्या वेळी सांगतो. मधमाशीला त्यातून वगळण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

चंद्रपूर-वणी पट्ट्यातील कोळसा खाणींशेजारी आपल्या कितीतरी जमाती राहतात. मातीचे डोंगर त्यांच्या खिडकीतून दिसतात. तेथे स्वतःहून चढू नये. ते घसरतात, आणि खाण व्यवस्थापनाची लेखी परवानगीही हवी. पायथ्याच्या मोकळ्या, स्थिर जमिनीचा तुकडा मागता येईल. मशिदीच्या तरुणांनी एकटे जाऊ नये. शेजारच्या मंदिरातील आणि बुद्धविहारातील मंडळींना, शाळेच्या मुलांना सोबत घ्यावे. परदेशी बियाण्याची पाकिटे नकोत. कुरडू, टाकळा, मारवेल यांचे बी पावसाळा सरताच रस्त्याच्या कडेलाच पिकते. कागदी पिशवीत सुकवून ठेवले की मृगाच्या आधी हाताशी असते.