बाजारातले गणित, वहीतले गणित



गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगतात. 34व्या श्लोकात 'श्री' आहे, आणि त्याच ओळीत स्मृती व मेधाही आहेत. संपत्ती आणि बुद्धी शेजारी शेजारी! मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आमच्या ताळेबंदात यंत्र दिसते, त्याचा घसाराही दिसतो. ते चालवणाऱ्याची बुद्धी मात्र कुठल्याच रकान्यात नसते.

इथे बेहालात आमच्या रविवारच्या बालवर्गाला एका भाजीवाल्याचा मुलगा येतो. 200 वजा 137, एवढे त्याला वहीत जमेना. वर पेंगतही होता. मी मनातल्या मनात 'कच्चा' म्हणून मोकळा झालो. त्याच आठवड्यात बाजारात तो वडिलांच्या जागी बसलेला दिसला. माझी भाजी झाली 137 रुपयांची. दोनशेची नोट दिली, तर 63 रुपये त्याने क्षणात हातावर ठेवले. पहाटेच माल आणायला जातो, हेही तेव्हाच कळले.

नंतर 2025 साली 'नेचर'मध्ये आलेला एक अभ्यास वाचला. तो करणाऱ्यांत नोबेल विजेते अभिजित बॅनर्जी आहेत (त्यांच्या आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर, म्हणून आपल्याला थोडे अधिक कौतुक). कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या 1,436 मुलांना त्यांनी तपासले. जवळजवळ सगळी मुले अवघड व्यवहार तोंडी करत होती. तेच किंवा त्याहून सोपे गणित शाळेच्या पद्धतीने मांडले की अडत होती. जवळच्या शाळांतल्या 471 मुलांचे नेमके उलटे होते.

पुढे नोकरीची परीक्षा घेणारा कागदच बघतो. म्हणजे या मुलाच्या बुद्धीची किंमत त्या दिवसाच्या गल्ल्यापुरतीच राहते. दोष त्याच्या मेधेचा नाही. मी सेवा म्हणून भाषांतर करतो, आणि त्याच्या हिशेबाला भाषांतर हवे आहे हे मलाच दिसले नाही! विभूतीला 'कच्ची' म्हणणे ही तिची अवहेलनाच, आणि ती माझ्याकडून घडली.

आता वर्ग सकाळी सातऐवजी दुपारी चारला भरतो, त्याची झोप होते. हिशेब आधी तोंडी, मग वहीत. परवा त्याने विचारले, "दादा, हातचा का घ्यायचा?" मला धड सांगता येईना. शेवटी दोनशेची नोट मोडून शंभराची एक, दहाच्या नऊ आणि रुपयाची दहा नाणी त्याच्यापुढे मांडली. तो हसला आणि म्हणाला, "हे तर सुट्टे!"