पत्नीचा चेहरा

पोलिश चित्रकार युझेफ मेहोफर याने १८९५ ते १९३६ या काळात स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर्गच्या संत निकोलस कॅथेड्रलसाठी रंगीत काचांच्या खिडक्यांवर संत रेखाटले. त्याच हाताने पत्नी यादविगा हिची तैलचित्रेही वारंवार रंगविली. १९०३ सालच्या ‘विलक्षण बाग’ या चित्रात ती निळ्या पोशाखात उभी आहे. वर भलामोठा सोनेरी चतुर!

एका मानवी मुखावर इतका जीव जडावा, ही मूर्तिपूजा नव्हे काय? सेमिनरीत असताना मी ‘होय’ म्हटले असते. आज धजत नाही. आपण वेदीवरील प्रतिमा भक्तिभावाने न्याहाळतो आणि घरचे माणूस गृहीत धरतो. पत्नीच्या दफनविधीनंतर एक वृद्ध मला म्हणाले, “फादर, तिच्या गालावरचा तीळ डावीकडे होता की उजवीकडे, आठवतच नाही.”