मृतांची रात्र व आपले पितर

एखाद्या चालीरीतीचे मूळ ख्रिस्तेतर असेल, तर ती ख्रिस्ती माणसाला वर्ज्य ठरते काय? प्रश्न जुनाच आहे. पण ऑक्टोबर संपत आला की अलीकडे तो आपल्याही घरांत येऊ लागला आहे. जालन्यासारख्या शहरातील मुलेही आता ‘हॅलोवीन’च्या नावाने तोंडाला रंग फासून भूत-हडळ होतात आणि आईबाप आम्हांस विचारतात, “फादर, हे पाप तर नव्हे? मूळचे सैतानपूजकांचे आहे म्हणतात.”

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आयर्लंड व स्कॉटलंड येथील प्राचीन केल्ट लोक उन्हाळा सरून हिवाळा लागण्याच्या संधीवर ‘साविन’ नावाचा सण पाळीत. गुरे कुरणांतून घरी आणण्याचा तो काळ. त्या रात्री अदृश्य जगाची दारे उघडतात, असा त्यांचा समज होता. त्यात सैतान कोठेही नव्हता. ती कल्पनाच त्यांना ठाऊक नव्हती. आणि हे आपल्याला कळले ते बहुतांशी आयर्लंडच्या ख्रिस्ती मठवासीयांमुळे. आपल्या पूर्वजांच्या कथा त्यांनी जाळल्या नाहीत, उतरवून ठेवल्या.

ख्रिस्तसभेने पुढे हाच दिवस उचलून ‘सर्व संतांचा सण’ केला, असे सर्रास सांगितले जाते. इतिहास इतका सरळ नाही. रोममधील पँथिऑन हे देवालय पोप बोनिफेस चौथे यांनी सातव्या शतकाच्या आरंभी पवित्र मरिया व सर्व हुतात्मे यांना अर्पण केले, ते १३ मे रोजी. खुद्द आयर्लंडच्या जुन्या संतनामावलीत सर्व संतांचा दिवस एप्रिलमध्ये आढळतो. १ नोव्हेंबर या तारखेचा आग्रह इ. स. ८०० च्या सुमारास दिसतो तो जर्मन प्रदेशात. म्हणून रोनाल्ड हटन यांच्यासारख्या इंग्रज इतिहासकारांना ही तारीख केल्टांची वाटत नाही. आम्हांला या वादात फारसा रस नाही. समजा, उचललीच असेल. इ. स. ६०१ मध्ये थोर पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडच्या मिशनसाठी लिहून कळविलेच होते की, मूर्ती हटवा पण देवळे पाडू नका. त्यांचीच मंदिरे करा आणि लोकांच्या मेजवान्या देवाच्या स्तुतीकडे वळवा. नदीला पाणी कोणत्या डोंगरावरून आले, यापेक्षा ते आज कोणत्या शेताला जाते हे पाहणे अधिक शहाणपणाचे नाही काय?

तसे पाहिले तर हॅलोवीनवरचा आमचा आक्षेप वेगळाच आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनी मठाचे मठाधिपती संत ओडिलो यांनी २ नोव्हेंबर हा परलोकवासी भक्तांचा स्मरणदिन सुरू केला. त्यातून इंग्लंडमध्ये एक सुंदर रीत रूढ झाली. या दिवसांत गोरगरीब दारोदार जात, घरधनीण त्यांना खास भाजलेली गोड पोळी देई आणि ते तिच्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. देणारा, घेणारा व गेलेला अशी तिघांची सोबत एका पोळीत होती! सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने शुद्धिस्थानाची शिकवण नाकारली, मृतांसाठीची प्रार्थना थांबली. पण दारोदार जाण्याची हौस मात्र राहिली. स्कॉटलंडच्या चर्चने तर सर्व संतांचा सणही सोडला, तरी तेथील खेड्यांत त्याची आदली रात्र गाजतच राहिली. (आपल्या जालन्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ज्या मिशनचे मोठे कार्य उभारले, ते याच स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. तेथून शुभवर्तमान आले, भुतांची रात्र आली नाही!) आयरिश व स्कॉटिश स्थलांतरितांनी ती अमेरिकेत नेली, सलगम कोरण्याऐवजी तेथे भोपळा कोरला जाऊ लागला, आणि पुढचे काम दुकानदारांनी केले. आज त्या रात्री मृत्यूचे सोंग आहे, पण मृत कोणीच नाही. एकाही आजोबाचे नाव घेतले जात नाही. केल्टांची भीती निदान खरी होती.

मुलांच्या रंगरंगोटीवर आम्ही रागावणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना कबरस्थानात न्या, एवढेच सांगू. पण ‘मूळ परके, म्हणून अपवित्र’ या विचाराची दुसरी बाजू आम्हांला अधिक सलते. आपल्या मराठवाड्यातील बहुतेक ख्रिस्ती घराणी तीन-चार पिढ्यांपूर्वी श्रद्धेत आली. त्याआधीचे आपले आजे-पणजे भाद्रपदात पितरांसाठी घास ठेवीत. श्राद्धविधी आपण सोडला, तो योग्यच सोडला. मृतांना अन्न लागत नाही, त्यांना प्रार्थना लागते. मृतांना बोलावून प्रश्न विचारण्यासही पवित्र शास्त्राची सक्त मनाई आहे. परंतु विधी सोडताना पुष्कळांनी ती माणसेच सोडली. स्नानसंस्कार झाला नाही म्हणून पणजीचे नाव घरात कोणाला ठाऊक नाही, असे आम्ही पाहतो. ज्यांनी दुष्काळात अर्धपोटी राहून आपला वंश जगविला, ते केवळ ‘अज्ञानी’ म्हणून विसरले जावेत, हा न्याय आहे काय?

अशाच प्रश्नाशी ख्रिस्तसभा चीनमध्ये दोन शतके झगडली. पूर्वजांच्या नामफलकांपुढे वाकण्याच्या रीतीवर १७४२ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी कायमची बंदी घातली. १९३९ मध्ये रोमनेच ती बरीचशी उठविली, कारण तो आदर म्हणजे पूजा नव्हे हे पटले होते. मधल्या काळात ज्यांना श्रद्धा की आईबाप अशी निवड करावी लागली, त्यांच्या यातनांचा हिशेब कोण मांडणार?

आजच्या चौथ्या ख्रिस्तयाग-प्रार्थनेत, ज्यांची श्रद्धा केवळ देवालाच ठाऊक आहे अशा मृतांचेही स्मरण आहे. १९८३ च्या धर्मसंहितेचे ९०१ वे कलम धर्मगुरूला जिवंत वा मृत अशा कोणाहीसाठी मिस्सा अर्पण करण्याची मोकळीक देते. तेव्हा नोव्हेंबरसाठी नावांची चिठ्ठी आणताना कोणी दबक्या आवाजात, “फादर, आजी ख्रिस्ती नव्हती, चालेल का?” असे विचारतात, त्यांना आम्ही एवढेच म्हणतो की, नाव नीट अक्षरात लिहा, म्हणजे वाचताना अडखळायला नको.