आधीची कोरड

धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या शिवारात हरभरा घाट्यावर आला की सगळी भिस्त जमिनीतल्या ओलीवर असते. ओल तुटली, ऊन तापलं, की हिरव्या तासात मधूनच एखादं झाड उभ्या उभ्या वाळून पेंढ्याच्या रंगाचं होतं. उपटायला जावं तर सोटमूळ काळं, ठिसूळ. बारीक मुळ्या कुजलेल्या, टोक मातीतच तुटून राहतं. ही कोरडी मूळकूज. तिची बुरशी काही काल आलेली नसते, ती वर्षानुवर्षं त्याच मातीत असते. मग झाड आजच का हरलं?

जपानच्या रिकेन संस्थेतल्या फुमिनोरी ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपावर दाखवून दिलं, की माती सुकू लागताच मुळं एक छोटं पेप्टाइड पानांकडे धाडतात. पानांत अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढतं आणि पर्णरंध्रं मिटतात. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडची वाटही बंद होते आणि अन्न कमी तयार होतं. शिवाय हे आम्ल वाढलं, की अनेक वनस्पतींत रोगाशी झुंजायला लावणारा सॅलिसिलिक आम्लाचा इशारा मंदावतो. एका संकटात तगण्याच्या धडपडीत दुसऱ्यासाठी बळ उरत नाही. म्हणून तर जाणता शेतकरी फुलोऱ्यात आणि घाटे भरताना कसंही करून एखादं पाणी देऊ पाहतो.

धाराशिव जिल्ह्यानं दुष्काळ पुष्कळ पाहिले, आणि घरातल्या कर्त्या माणसाचं अवेळी जाणंही पाहिलं. अशा वेळी लोक म्हणतात, "एवढ्याशा गोष्टीवरून?" थकलेला एक हप्ता, चारचौघांत लागलेला एक शब्द. आपण ते निमित्त मोजतो. त्याआधी किती महिने तो माणूस आतून सुकत होता, ते मोजत नाही. तो दुबळा नव्हता. त्याचं सारं बळ आधीच्या झुंजीत लागलेलं होतं.

ज्याचं पीक गेलं आहे, ज्याच्या घरात दुखणं आहे, त्याची परीक्षा पाहू नये. आपलं येणं असेल तर सुगीपर्यंत थांबावं. दवाखान्यात त्याच्यासोबत जावं. आणि हे सगळं त्यानं तोंड उघडण्याआधी करावं, कारण असा माणूस सहसा मागत नाही.